तिथीची पाऊणपट

लढाईवर गोष्ट लिहायची, हे मी ठरवलं ते निव्वळ रागाच्या भरात.

पुण्याच्या एका मासिकाने माझी गोष्ट साभार परत पाठवली होती. सोबत संपादकांची चार ओळींची चिठ्ठी होती. भगिनींनी आपल्या अनुभवाच्या कक्षेत राहून लिहिलं तर लेखन खरं उतरतं, अशा अर्थाचं काहीतरी तिच्यात होतं. गंमत अशी की परत आलेली गोष्ट एका सासुरवाशिणीची होती. तिच्यात चूल होती, पोहे होते, आजारी नणंद होती. याहून कक्षेत ते राहायचं तरी किती! मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "आता मी लढाईवर लिहिते. आणि अशी लिहिते की एक चूक सापडली तर नाव बदलीन."

ओसरीवर आमचे हे पान लावत होते. ते रेवदंड्याच्या बंदरावर जकातीच्या चौकीत कारकून होते आणि कुठल्याही गोष्टीने त्यांचं पान थांबत नसे. "कुठली लढाई?" त्यांनी विचारलं.

"कुठली म्हणजे? मोठी लढाई. चौदा सालची, बसऱ्याची."

"बसरा कुठे आहे ठाऊक आहे का?"

मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. नकाशा मला ठाऊक होता. पण नकाशापलीकडे काहीच ठाऊक नव्हतं, हेही खरं. तेव्हा मे महिन्याची सुट्टी लागली होती. साल असेल एकतीस किंवा बत्तीस. त्याच मासिकाच्या दिवाळी अंकासाठी गोष्ट श्रावणापर्यंत पाठवायची होती. एवढ्या वेळात मला लढाई समजून घ्यायची होती. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

सुरुवात मी शरीरापासून केली. शिपाई पाठीवर मणभर ओझं घेऊन चालतो, असं कुठेतरी वाचलं होतं. मण मला झेपला नसता. मी एका पिशवीत वाळू भरली, ती पाठीला बांधली आणि सकाळी कोटाच्या दरवाजापासून समुद्रापर्यंत ताठ चालत गेले आणि परत आले. तीन दिवस हा क्रम चालला. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंनी हाताला धरून मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "कुणाला बोलली आहेस गं नवस? आणि वाळूचा कसला?" लग्नाला सहा वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता, त्यामुळे गावाने आपापल्या परीने अर्थ लावला होता. लढाईसाठी चालते आहे, असं सांगितलं असतं तर काकूंनी देवऋषीच आणला असता. मी म्हटलं, "आहे एक नवस." एका अर्थी ते खरंच होतं.

मग दारू. बंदुकीच्या दारूचा वास कसा असतो ते कळावं म्हणून मी गेल्या दिवाळीतले उरलेले फटाके पत्र्याच्या डब्यात घालून परसात पेटवले. डबा उडाला तो थेट विहिरीत. यांनी बादलीभर पाणी आणून माझ्यावरच ओतलं. कानात घंटा वाजत होत्या, भुवई थोडी जळली होती आणि मी आनंदाने ओरडत होते, "कळलं! लढाईत काही ऐकू येत नाही! कुणी हुकूम दिला तरी ऐकू येणार नाही!" त्या एका शोधावर मी वहीची चार पानं लिहिली.

पण वास आणि ओझं म्हणजे लढाई नव्हे. तिथे जाऊन आलेला माणूस हवा होता. माझी कटकट थांबावी म्हणून असेल, तो यांनीच आणला. बंदरात त्यांच्या ओळखीचे एक कोळी तांडेल होते. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य माणूस, ज्याच्या शब्दावर शीड चढतं आणि उतरतं. पन्नाशीचे, उंच, बोलायला मऊ. मोठ्या लढाईत सरकारने पडाव, म्हणजे माल वाहायच्या मोठ्या होड्या, चालवायला कोकणातून माणसं नेली, त्यांत तांडेल बसऱ्याला गेले होते. दोन वर्षं राहून परत आले, पण त्यानंतर गलबतावर चढले नाहीत. किनाऱ्यावर बसून जाळी शिवायचे. का चढले नाहीत, हे गावात कुणी विचारत नसे. मीही विचारलं नाही, कारण माझ्या प्रश्नांच्या यादीत तो प्रश्न नव्हता. यादीत एक्काहत्तर प्रश्न होते.

तीन दुपारी तांडेल आमच्या ओसरीवर आले. मी विचारत होते आणि ते सांगत होते.

"तोफेचा आवाज किती लांबून येतो?"

"तोफ मी लांबूनच ऐकली, बाय. मला काय ठावं जवल कशी वाजते ती. माशांचा आवाज सांगू? माशी तोंडात जायची. भाकर खायची तर एका हातानं तोंड झाकायचं, दुसऱ्यानं खायाची."

मला तोफा हव्या होत्या आणि ते माशा देत होते. खेचरं पाण्याला भितात हे सांगत होते. खजुरीच्या बागा बघून आपल्या वाड्यांची आठवण येऊन एक मालवणकडचा खलाशी कसा रडला, ते सांगत होते. आधी मी वैतागले. मग दुसऱ्या दुपारी कधीतरी माझ्या लक्षात आलं की माझी पेन्सिल थांबतच नाही. तोफा काय, कुणीही लिहील. एका हाताने तोंड झाकून भाकरी खाणारा शिपाई कुणाच्या गोष्टीत होता? मी इतकी हरखले की तिसऱ्या दिवशी तांडेलांना शिरा करून घातला. आमच्याकडे शिरा सत्यनारायणाखेरीज होत नसे.

आणि मग मला गोष्ट सुचली. अंघोळ करताना सुचली आणि मी निम्म्या अंघोळीतून बाहेर आले.

आमच्या किनाऱ्यावर पोरगं बोलायला लागलं की त्याला भरतीचं गणित येतं. तिथीची पाऊणपट करायची, झालं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. याला घड्याळ लागत नाही की पुस्तक लागत नाही. माझ्या गोष्टीचा नायक असा आमच्याकडचा शिपाई होता. जखमींनी भरलेला पडाव नदीत वाळूवर रुतला आहे, शत्रू मागून येतो आहे, सगळे हवालदिल झाले आहेत, आणि हा एकटा बोटांवर हिशेब करून म्हणतो, "साहेब, आज अमावास्या. सव्वाअकराला उधाणाची भरती आहे. पडाव आपोआप तरंगेल." आणि सव्वाअकराला पाणी येतं! पुण्याच्या संपादकाला ही गोष्ट सात जन्मांत सुचली नसती. भरती म्हणजे काय हे त्याला ठाऊक तरी होतं का? अनुभवाची कक्षा म्हणे!

मी भटजींकडून लढाईतल्या एका वर्षाचं जुनं पंचांग मिळवलं आणि गोष्टीतला दिवस खऱ्या अमावास्येला बसवला. ओझं खरं, वास खरा, माशा खऱ्या, तिथी खरी. चार दिवसांत गोष्ट लिहून झाली. पाचव्या दिवशी मी तांडेलांना बोलावलं, पाट दिला आणि वाचायला बसले. मी काही बरी वाचते, असं शाळेत सगळे म्हणत. त्या दिवशी तर माझ्या अंगात आलं होतं.

वाचून झाल्यावर मी वर पाहिलं. तांडेल उभे होते. कधी उठले ते मला कळलं नव्हतं.

"त्या नदीला भरती न्हाय, बाय," ते म्हणाले. "बसऱ्यापर्यंत येते. वर न्हाय येत."

एवढं बोलून ते पायऱ्या उतरून गेले. सुपारी दिलेली तशीच राहिली.

गोष्टीचा कणाच मोडला होता. आणि चूक कसली, तर जिच्यावर मी सगळ्यात जास्त फुशारले होते ती! सबंध आयुष्य किनाऱ्यावर काढलेल्या मला एकदाही वाटलं नव्हतं की भरती नसलेलं पाणी असू शकतं. चौकीवरून आल्यावर यांना सांगितलं तर हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आता नाव कुठलं ठेवायचं?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पण मी हार मानणाऱ्यातली नव्हे. दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी कोळीवाड्यात गेले. भरती नाही तर मग रुतलेला पडाव सोडवतात कसा, एवढंच मला विचारायचं होतं. दुपारचे चार वाजले असतील. वलांडीवर मासे सुकत होते आणि तांडेल घरामागे सावलीत जाळं शिवत होते. मला बघून त्यांनी खाली पोतं अंथरलं.

"रागावलात का काल?" मी विचारलं.

"तुमाला कोनी सांगितलं व्हतं का?" ते म्हणाले.

"काय सांगितलं होतं?"

"ती पडावाची गोष्ट. कोनी सांगितली तुमाला?"

"कुणी नाही. माझी मला सुचली."

मग त्यांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली आणि सांगायला लागले.

बसऱ्याला चार महिने ते बंदरातच होते. तिथे पाणी येत होतं, जात होतं. वेळ आपल्यापेक्षा जरा पुढेमागे, पण येत होतं. मग एकदा त्यांचा पडाव आगबोटीमागे बांधून नदीतून वर नेला, चार दिवसांच्या वाटेवर. तिथे जखमी भरले. येताना आगबोट नव्हती. प्रवाहावर आणि वाऱ्यावर यायचं होतं. पडावावर एक कोवळा साहेब होता, डॉक्टर. बाकी सगळे आपले लोक. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला पडाव वाळूवर बसला.

"चतुर्थी व्हती," तांडेल म्हणाले. "मी बोटांवर केलं. चार पाऊने तीन. तीनला भरती, म्हंजी नवाला ओहोटी. बरोबर ओहोटीलाच बसलोय. मी मनात म्हनलो, कसं बरोबर जुलतंय. साहेबाला सांगितलं, घाबरू नका, तीनला पानी येतंय."

अकराच्या सुमाराला एक आगबोट जवळून गेली. तिच्यावरच्या गोऱ्याने ओरडून विचारलं, दोर टाकू का? डॉक्टर साहेबाने तांडेलांकडे पाहिलं. तांडेलांनी हात वर करून तीन बोटं दाखवली. तीनला. आगबोट निघून गेली.

"तिथलं ऊन तुमाला सांगितलंय मी. छप्पर नव्हतं. पडावात आपल्या रत्नांगरीकडला एक शिपाई व्हता, पाय मोडलेला. तो बी दर्यावरचा. त्यानं बी बोटांवर केलं आनि बोलला, तांडेल बरोबर सांगतोय. तो सगल्यांना धीर द्यायचा. तीनला पानी येतंय रे, आमी दर्यावरची मानसं हाव, आमाला ठावं. मी वालूत काठी रोवली, पानी कुठवर चढतंय बगाया. बारा वाजले. एक वाजला. दोन वाजले. काठीवर पानी चढलं न्हाय, बाय. बोटभर उतरलं."

मी वही खाली ठेवली.

"तीन वाजून गेले. चार वाजले. तो रत्नांगरीवाला मला म्हनतो, 'वारा आडवा हाय, तांडेल, म्हनून पानी उशीर करतंय.' तो मला धीर देत व्हता. मग तो बी गेला. सांजंला दुसऱ्या आगबोटीनं ओढलं तवा अकरा जन गेले व्हते."

"तुम्हाला कुणी काही बोललं?" मी विचारलं.

"न्हाय. साहेब बोलला, नदीची चूक. पन ईस वर्सं मी पान्यावर काढलेली. वर इतके दिस व्हतो, पानी चढतंय का उतरतंय एवढं बगायला नको व्हतं मी? पानी म्हटलं की येनारच, हेच डोक्यात."

आता मी जे सांगणार आहे ते सांगायची मला लाज वाटते, पण खरं सांगायचं तर सगळंच सांगितलं पाहिजे. मला रडू आलं होतं. आणि त्याच वेळी मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. हीच ती गोष्ट! एकही चूक नसलेली, चुकीचीच गोष्ट. तीन बोटं, काठी, आडवा वारा. हे पुण्यात वाचतील तेव्हा गप्प होतील. माझा हात वहीकडे गेला होता. तांडेलांनी तो पाहिला.

"लिवायचं हाय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार." हे मी म्हणाले खरी, पण मनात म्हणत होते, नको म्हणू नका, देवा, नको म्हणू नका.

"लिवा की," ते म्हणाले. "पन तुमच्या गोष्टीत पानी येऊ द्या. कालच्यासारखं."

"अहो, तिथे भरती नाही! तुम्हीच सांगितलंत! मग ती खोटी होईल!"

"होऊ दे."

मी त्यांच्याशी भांडले. चक्क भांडले. म्हटलं, खोटं लिहून काय मिळणार? सगळं खरं असावं म्हणून मी पाठीला वाळू बांधून चालले, भुवई जाळून घेतली, आणि आता जाणूनबुजून चूक ठेवू? खरं लिहिलं तर वाचणारा हलून जाईल. तांडेलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाचनारा हालंल, व्हय. पन ते लोक त्यातनं उतरनार न्हायत." आणि सुई काढून कामाला लागले.

घरी येऊन मी खरी गोष्ट लिहिली. दोन दिवसांत एका दमात लिहून झाली आणि तिच्यात मला एक शब्द बदलावा लागला नाही. यांनी ती वाचली. वाचून पान न लावता नुसते बसून राहिले. ही माझी आजवरची सगळ्यात चांगली गोष्ट आहे, हे त्यांना कळलं होतं आणि मलाही कळलं होतं. आठ दिवस दोन्ही हस्तलिखितं फडताळात शेजारी शेजारी पडून होती. मी पोळ्या लाटत होते, डोक्यात मात्र एकच चाललं होतं: कुठली? रोज सकाळी मी खरी पाठवायची ठरवत होते. रोज दुपारी मला तो रत्नागिरीकडचा शिपाई दिसत होता. नवव्या दिवशी मी पाणी येणारी गोष्ट पाकिटात घातली आणि टपालात टाकून आले.

"अगं, पण तिथे भरती नसते, हे तुला आता माहीत आहे," हे म्हणाले.

"माहीत आहे."

त्यांनी पुढे विचारलं नाही. नवरा म्हणून मला ते सगळ्यात जास्त त्या दिवशी आवडले.

गोष्ट दिवाळी अंकात छापून आली. दोन महिन्यांनी एका निवृत्त लष्करी गृहस्थांचं पत्रही त्याच मासिकात आलं. नदीच्या त्या भागात भरती पोहोचत नाही, लेखिकेने निदान नकाशा पाहायला हवा होता, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली संपादकांनी खेद व्यक्त केला होता. माझ्या कानशिलांना आग लागली. उत्तर माझ्याकडे तयार होतं, अगदी दिवस आणि वेळेसकट. मी ते दिलं नाही. तांडेल जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, म्हणून आज हे लिहिते आहे.

पण ते पत्र नंतर आलं. अंक हाती आला त्या दिवशी मला कशाचीच पर्वा नव्हती. माझं छापील नाव बघून मी यांच्या हातातलं पान पळवून स्वतः खाल्लं आणि अंक पदरात लपवून जवळजवळ पळतच कोळीवाड्यात गेले. तांडेल तिथेच होते, घरामागे. मी पोत्यावर बसले आणि वाचायला सुरुवात केली. ते जाळं शिवत होते. पाणी फळ्यांना लागलं, पडाव हलला, तिथे त्यांचे हात थांबले.

"हे परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं. मग शेवटापर्यंत वाचलं आणि अंक मिटला.

"सगले उतरले?" त्यांनी विचारलं.

हे मी लिहिलं नव्हतं. माझी गोष्ट पडाव सुटतो तिथेच संपत होती.

"सगळे उतरले," मी म्हटलं.

"रत्नांगरीवाला?"

"तोही."

"त्याचा पाय मोडला व्हता, बाय. तो कसा उतरंल?"

"तुम्ही त्याला खांद्यावर घेतलंत," मी म्हटलं. "तुम्हीच उतरवलंत."

"व्हय," तांडेल म्हणाले.